प्रश्न लेकीचा, उत्तर बापाचं

गुरुवारी संध्याकाळी विक्रांतने आपल्या नोएडाच्या फ्लॅटची बेल इतका वेळ दाबून धरली की वरच्या मजल्यावरच्या मिसेस भसीन जिन्यात डोकावल्या.

"वल्लरी कुठाय?" दार उघडताच त्याने विचारलं.

"आधी बूट काढ," त्याच्या आई, सुहासिनीबाई, म्हणाल्या. "न्हातेय ती. काय झालं एवढं?"

विक्रांतने बूट काढले नाहीत. ब्रीफकेसमधून छापील यादी काढली आणि डायनिंग टेबलवर, वडिलांच्या समोर ठेवली. विश्वनाथपंत मटार सोलत बसले होते. घरात सगळेच त्यांना आबा म्हणत. त्यांनी हात पंच्याला पुसले, चष्मा लावला आणि बोटाने ओळी चाचपत खाली आले. लोकसभा सचिवालयाच्या प्रश्न शाखेत त्यांची एकतीस वर्षं गेली होती. खासदारांचे लांबलचक, तावातावाने लिहिलेले प्रश्न कापूनकुपून नियमात बसवायचे, हे त्यांचं काम. आता पंच्याहत्तरीतही ते अशी यादी वाचत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पानात आवडती भाजी पडल्यासारखा भाव येई.

"तारांकित प्रश्न क्रमांक १८४. मंगळवार. गृह खातं," ते मोठ्याने वाचू लागले. "कच्च्या कैद्यांपैकी किती जण, ज्या गुन्ह्याचा आरोप आहे त्याच्या कमाल शिक्षेहून जास्त काळ तुरुंगात आहेत. त्यात स्त्रिया किती. एका राज्यात अटक आणि दुसऱ्या राज्यात खटला, अशी प्रकरणं किती. वा! बांधणी चांगली आहे. एक शब्द फुकट नाही."

"बांधणी तुमचीच आहे, आबा."

"माझी कशी असेल? मला रिटायर होऊन सतरा वर्षं झाली," आबा म्हणाले आणि एका शेंगेकडे फार बारकाईने पाहू लागले.

तेवढ्यात वल्लरी केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर आली. यादी पाहिली आणि तिने आनंदाने टाळीच वाजवली. "लागला नंबर! बाबा, बॅलटच्या सोडतीत आला आमचा प्रश्न!"

"आमचा म्हणजे?"

"म्हणजे वीणाताईंचा."

वल्लरी चोवीस वर्षांची. कायद्याची पदवी घेऊन दिवाळीपासून ती मराठवाड्यातल्या खासदार वीणाताईंच्या ऑफिसात कामाला होती. आणि विक्रांत गृह मंत्रालयात अवर सचिव. तुरुंगांविषयीचे कागद त्याच्याच टेबलावरून जात. मंत्रिमहोदय सभागृहात जे उत्तर वाचणार, त्याचा मसुदा त्यालाच करायचा होता.

"या प्रश्नाचं उत्तर कोण लिहितं, माहीत आहे ना तुला?" त्याने विचारलं.

"बिल्कुल माहीत आहे. चांगला माणूस लिहितो, म्हणून तर विचारला."

विक्रांतला हसू आलं असतं, पण त्याने ते येऊ दिलं नाही. "हे बघ, मी आजच जॉइंट सेक्रेटरींना सांगून टाकलंय, प्रश्न विचारणाऱ्या खासदारांकडे माझी मुलगी काम करते म्हणून. ते हसले, म्हणाले, 'घर में ही क्वेश्चन अवर चला लो.' पण मला हसणं परवडत नाही. मंगळवारी दुपारी बारापर्यंत या घरात या विषयावर एक अक्षर नको. तू मला विचारायचं नाहीस, मी तुला सांगायचं नाही."

"डन," वल्लरी म्हणाली.

मीनाक्षी आठ वाजता गुडगावहून आली. परदेशी कंपनीच्या नव्या ऑफिसातून नोएडापर्यंत दोन चार्टर्ड बसेस बदलून येईपर्यंत तिच्यात भांडणं ऐकायचं त्राण उरत नसे. सगळा प्रकार कळल्यावर तिने नवऱ्याच्या नियमावर आणखी एक नियम घातला. "जेवताना एकशे चौऱ्याऐंशी हा आकडासुद्धा कुणी उच्चारायचा नाही. मला पोळी शांतपणे खायची आहे."

शुक्रवारी कुणी उच्चारला नाही. शनिवारी सकाळी मात्र वल्लरी आबांबरोबर सेक्टरच्या पार्कात फिरायला गेली. एरवी सुटीच्या दिवशी ती नऊच्या आधी उठत नसे, हे सुहासिनीबाईंनी लक्षात ठेवलं.

"आबा," पहिल्याच फेरीत तिने विचारलं, "मंत्री सांगणार की कारागृह हा राज्यांचा विषय आहे, आमच्याकडे माहिती नाही. बात खतम. मग ताईंनी काय करायचं?"

"घरात बोलायचं नाही असं ठरलंय ना?"

"आपण घरात कुठे आहोत?"

आबा थांबले. गुडघा दुखत होता, पण थांबण्याचं कारण ते नव्हतं. नातीच्या या प्रश्नाआधी सतरा वर्षांत त्यांना कुणी कामाचं काही विचारलं नव्हतं. त्यांनी नातीला बाकावर बसवलं.

"एक, ताईंनी रागवायचं नाही. दोन, भाषण करायचं नाही. पुरवणी प्रश्न एका वाक्याचा हवा. राज्यांकडून आकडे मागवलेत का? नसतील तर काय करणार, आणि केव्हापर्यंत? मंत्री नुसतं 'बघतो' म्हणाले तर सोडायचं नाही, तारीख मागायची. सभागृहात दिलेलं आश्वासन निराळं असतं, पोरी. त्यावर एक समिती नजर ठेवून असते, ते पुरं करून दाखवावं लागतं. मी इतकी वर्षं पाहिलंय, मंत्री भाषणाला घाबरत नाहीत. तारखेला घाबरतात."

"तारीख," वल्लरीने मान हलवली. "पण आबा, मंगळवारच्या यादीत प्रश्न सातवा आहे. तासाभरात पोचेल?"

"चार-पाच होतात. सातवा म्हणजे..." आबांनी वाक्य सोडून दिलं. "चल, चहा घेऊ."

त्याच दिवशी जेवताना सुहासिनीबाईंनी विक्रांतच्या पानात आमटी वाढली आणि उभ्या राहिल्या.

"मी त्या आकड्याबद्दल बोलत नाहीये," त्या म्हणाल्या. "मी द्वारकाबद्दल बोलतेय."

"आजी!" वल्लरी म्हणाली.

"तू गप्प. मला कुणी शपथ घातलेली नाही." त्या खुर्ची ओढून बसल्या. "विक्रांत, पौषात मी हिच्याबरोबर तुरुंगात गेले होते, आठवतं? तू विचारलंस, कशाला गेलीस, आणि मी म्हटलं, हिला सोबत म्हणून. सोबत नव्हती ती. तिथे एक मराठी बाई आहे आणि हिला तिचं मराठी कळेना."

"मला कळत होतं," वल्लरी पुटपुटली. "थोडं थोडं."

"'इळभर' म्हणजे काय विचारत होतीस तू मला. दिवसभर, बाई! दिल्लीत वाढली ना." सुहासिनीबाई पुन्हा मुलाकडे वळल्या. "द्वारका नांदेडकडची. मुकादमाबरोबर आली, गुडगावकडे त्या उंच इमारती उठतायत ना, तिथे विटा वाहायला. साइटवरून विजेच्या तारेचं भेंडोळं गेलं आणि आळ हिच्यावर आला. पकडलं एका राज्यात, तक्रार दुसऱ्या राज्यात. कागद इकडून तिकडे गेले ते गेलेच. चोरीला जास्तीत जास्त किती शिक्षा?"

"तीन वर्षं," विक्रांत म्हणाला.

"तिला तीन वर्षं चार महिने झालेत. आणि अजून कुणी तिला विचारलेलंही नाही, की बाई, तू केलंस का?" सुहासिनीबाईंचा आवाज चढला नाही. "मी समोर बसले, तर पहिलं काय म्हणाली माहीत आहे? 'आजी, तुमी बोला. कायबी बोला. तीन वर्सं झाली, आपली भाषा कानावर न्हाई.' मग मी काय बोलणार? मी तिला पुरणपोळीची कृती सांगितली. पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती ऐकत होती आणि हसत होती. तिची मुलगी गावी मावशीकडे आहे. आठ वर्षांची होती तेव्हा सोडून आली."

विक्रांतने घास खाली ठेवला होता. मीनाक्षीने हळूच त्याच्याकडे पाहिलं. शांतपणे पोळी खाण्याचा नियम तिचाच होता, पण आता तिला पोळी आठवतही नव्हती.

"कोर्टात अर्ज का नाही केला?" त्याने मुलीला विचारलं.

"दोनदा केला, बाबा. फाइल सापडत नाही म्हणतात. आणि ही एकटीच थोडी असेल? अशा किती आहेत, ते कुणालाच माहीत नाही. म्हणून..." वल्लरीने ओठ मिटले. "सॉरी. पुढचं बोलायचं नाही."

रविवारी विक्रांतने वडिलांना दाढीचं सामान आणून दिलं, आरसा धरून ठेवला आणि विचारलं, "आबा, पुरवणी काय येतील?"

"मला विचारू नकोस."

"म्हणजे ती विचारून गेली!"

"मी काही बोललोय का?"

"तुमचं न बोलणं मला लहानपणापासून वाचता येतं."

आबांच्या अर्ध्या गालाला साबण होता. त्यांनी वस्तरा खाली ठेवला. एका बाजूला नातीचा शब्द, दुसऱ्या बाजूला मुलाची नोकरी. गंमत म्हणजे या कात्रीत सापडून त्यांना फार बरं वाटत होतं.

"हे बघ, तू काय उत्तर लिहिलंस ते मला सांगू नकोस," ते म्हणाले. "ते बरोबरच असणार. तुझ्या मसुद्यात चूक नसते. मी एवढंच विचारतो, तुला ते आकडे माहीत आहेत?"

"नाहीत."

"माहीत व्हावेत असं वाटतं?"

विक्रांतने खाली ठेवलेला वस्तरा उचलून वडिलांच्या हातात दिला.

सोमवारी सकाळी ऑफिसात मसुदा तयार होता. कारागृहे हा राज्यांचा विषय असून अशी माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही. कायद्याने अचूक, कुणी बोट ठेवू शकणार नाही असा. विक्रांतने तो दोनदा वाचला आणि बाजूला ठेवला. मग फोन ओढला.

चोवीस वर्षांच्या नोकरीत त्याने राज्यांना शेकडो पत्रं पाठवली होती. उत्तरं यायला सहा महिने लागत, कधी येतही नसत. पण आज त्याच्या हाती एक मंत्र होता. "तारांकित प्रश्न आहे, कल ग्यारह बजे," एवढं म्हटलं की पलीकडचा माणूस खुर्चीत सरळ बसल्याचं फोनवरही कळत होतं. दुपारी दोनला पहिला फॅक्स आला. मग दुसरा. संध्याकाळी पाचपर्यंत शेजारच्या राज्यांतल्या नऊ तुरुंगांतून नावं आली. सगळीकडून नाहीत, पण नऊ ठिकाणांहून. एकोणीस स्त्रिया. अकराव्या ओळीवर द्वारकाचं नाव होतं, चुकीच्या आडनावासह.

जॉइंट सेक्रेटरींनी कागद पाहून भुवया उंचावल्या. "ये तो हमसे किसी ने माँगा नहीं था."

"सर, प्रश्न में माँगा है," विक्रांत म्हणाला.

घरी येऊन तो मुकाट्याने जेवला. वल्लरीने त्याच्या तोंडाकडे तीन वेळा पाहिलं आणि काहीच कळलं नाही.

मंगळवारी मीनाक्षीने रजा टाकली. दूरदर्शनवर प्रश्नोत्तराचा तास थेट दाखवायला लागल्यापासून आबांनी एकही चुकवला नव्हता, पण आज साडेदहापासूनच ते इस्त्रीचा सदरा घालून टीव्हीसमोर बसले होते. अकराला सुरू झालं. पहिल्या प्रश्नालाच अठरा मिनिटं गेली.

"संपलं," आबा कपाळाला हात लावून म्हणाले. "तास असा चालला तर तिसऱ्यापलीकडे जात नाही."

पण चौथ्याचे सदस्य गैरहजर निघाले. पाचवा चटकन झाला. सहाव्याला अध्यक्षांनी नाव पुकारलं, दोनदा पुकारलं, कुणी उठलं नाही.

"नाहीये तो! नाहीये!" आबा ओरडले, आणि त्याच क्षणी वीज गेली.

काळ्या पडद्यात तिघांचे चेहरे दिसू लागले. खालून कुणीतरी नोएडाच्या वीज कंपनीचा उद्धार केला. मग वरच्या मजल्यावर, भसीनांच्या बाल्कनीत, जनरेटर धडधडला.

"चला," मीनाक्षी म्हणाली.

"माझा गुडघा..."

"आबा, चला!"

एका बाजूने सून, दुसऱ्या बाजूने बायको, असे आबा एकवीस पायऱ्या चढले. सुहासिनीबाईंच्या हातात लाटणं तसंच राहिलं होतं. मिसेस भसीननी दार उघडलं आणि ते लाटणं पाहून त्या एक पाऊल मागे सरल्या.

"बेटा, टीव्ही! पार्लमेंट! हमारी वल्लरी का सवाल है!" सुहासिनीबाई धापा टाकत म्हणाल्या.

"हाय, तो पहले आवाज़ देते आंटी!" मिसेस भसीननी आपली मालिका बंद केली आणि चॅनल फिरवला.

तिकडे प्रेक्षक गॅलरीत वल्लरी हात मांडीखाली दाबून बसली होती. पुढे वाकायचं नाही, बोलायचं नाही, असं रखवालदाराने दोनदा बजावलं होतं. खाली एका बाजूला अधिकाऱ्यांच्या जागेत बाबा दिसत होते. मांडीवर फाइल, शेजारी जॉइंट सेक्रेटरी. वरून त्यांच्या डोक्यावरचं टक्कल तिने पहिल्यांदाच पाहिलं. तिला एकदम वाटलं, आज या माणसाची फजिती झाली तर ती आपण केलेली असेल.

अध्यक्ष म्हणाले, "प्रश्न क्रमांक एकशे चौऱ्याऐंशी."

मंत्रिमहोदयांनी निवेदन पटलावर ठेवलं. वीणाताई उठल्या. "अध्यक्ष महोदय, ज्या देशात स्त्रीला देवी म्हणतात, त्या देशात..."

'नको, ताई,' वल्लरी मनात म्हणाली. 'भाषण नको.'

"प्रश्न विचारा," अध्यक्ष म्हणाले.

वीणाताई थांबल्या. हातातल्या चिठ्ठीकडे पाहिलं आणि सरळ हिंदीत विचारलं, "क्या सरकार ने राज्यों से ये आँकड़े मँगवाए हैं?"

"कारागार राज्यों का विषय है," मंत्री वाचू लागले. मागच्या बाकांवरून "ओ हो हो" असा आवाज आला. वल्लरीने डोळे मिटले. पण मंत्री थांबले नव्हते. "तथापि, मंत्रालय ने कल नौ कारागारों से जानकारी प्राप्त की है. इनमें उन्नीस महिलाएँ ऐसी पाई गई हैं."

सभागृहात एकदम गलका उठला. वल्लरीने डोळे उघडून खाली पाहिलं. बाबा फाइलीत तोंड घालून बसले होते.

"दुसरी पुरवणी," अध्यक्ष म्हणाले.

"इन उन्नीस के बारे में सरकार क्या करेगी," वीणाताईंनी विचारलं, "और कब तक?"

मंत्र्यांनी अधिकाऱ्यांकडे मान वळवली. जॉइंट सेक्रेटरी विक्रांतच्या कानाशी वाकले. विक्रांतने चिठ्ठी ओढली आणि सवयीने लिहिलं, 'यथाशीघ्र'. पेन तिथेच थांबलं. हा शब्द त्याने आयुष्यात किती वेळा लिहिला होता त्याला सुमार नव्हता. त्याने तो खोडला आणि पुढे लिहिलं, 'एक महीने के भीतर'.

"पक्का?" जॉइंट सेक्रेटरींनी हलक्या आवाजात विचारलं.

"सर, नाम हैं मेरे पास. उन्नीस के उन्नीस. हर एक का थाना और कोर्ट मालूम है. राज्यों को आज ही लिखेंगे, लीगल एड को भी. रोज़ फोन मैं करूँगा."

जॉइंट सेक्रेटरींनी खोडलेला शब्द पाहिला, न खोडलेला पाहिला आणि चिठ्ठी पुढे दिली.

भसीनांच्या हॉलमध्ये मंत्र्यांचा आवाज जनरेटरच्या धडधडीतून आला. "मैं सदन को आश्वासन देता हूँ, राज्यों और न्यायालयों के सामने ये मामले एक महीने के भीतर उठाकर निपटवाए जाएँगे."

आबा उभे राहिले. कुणाचाही आधार न घेता.

"झालं?" सुहासिनीबाईंनी विचारलं.

"झालं. तारखेसकट झालं."

मीनाक्षी हसत होती आणि पदराने डोळेही पुसत होती. मिसेस भसीनना नेमकं काय झालं ते कळलं नाही, पण आनंदाची बातमी आहे एवढं पुरेसं होतं. त्यांनी फ्रिजमधून गाजरहलवा काढला.

दुपारी संसदेबाहेरच्या बस थांब्यावर वल्लरीने वडिलांना गाठलं. विक्रांत पुन्हा ऑफिसला चालला होता.

"बाबा, बारा वाजून गेलेत. आता विचारू? ते उत्तर तुम्ही लिहिलंत?"

"उत्तर मंत्रिमहोदयांनी दिलं. प्रश्न तू लिहिलास?"

"प्रश्न वीणाताईंनी विचारला."

दोघं एकमेकांकडे पाहत राहिली आणि मग विक्रांत इतका मोकळा हसला की रांगेतली माणसं वळून पाहू लागली.

"मला वाटलं होतं, तुम्ही माझ्यावर चिडलात," वल्लरी म्हणाली.

"चिडलो होतो ना. गुरुवारी चिडलो होतो. सोमवारी कळलं की तुझा प्रश्न नसता तर मला ते फोन करताच आले नसते. अवर सचिवाचं पत्र कोण वाचतं गं? प्रश्न आला की दारं उघडतात." मग तो गंभीर झाला. "पण वीणाताईंना सांग, ती देवीची सुरुवात नको. माझा जीव गेला होता."

"माझाही!"

पुढचा महिना विक्रांतने खरंच रोज फोन केले. एकोणीसपैकी सोळा जणी सुटल्या. तिघींवर दुसरेही खटले निघाले, त्यांच्यासाठी वल्लरीने वकील उभे केले. द्वारकाची हरवलेली फाइल एका कोर्टाच्या कपाटात, दुसऱ्याच बाईच्या नावाखाली सापडली. सव्विसाव्या दिवशी न्यायाधीशांनी पाच मिनिटांत तिला मोकळं केलं.

सुहासिनीबाई तिला घ्यायला गेल्या आणि फ्लॅटवर घेऊन आल्या. द्वारका दोन दिवस राहिली. ती बोलायला बसली की थांबत नसे, आणि वल्लरी वही घेऊन नवे शब्द लिहून घेई. आबांना तिने जाताना वाकून नमस्कार केला तेव्हा ते नुसतेच "असू दे, असू दे" म्हणत राहिले.

गाडी नांदेडला दुसऱ्या दिवशी पोचणार होती, त्याआधी गावी कळवायला हवं होतं. म्हणून नवी दिल्ली स्टेशनावर विक्रांतने आधी तारेचा फॉर्म घेतला आणि लिहायला लागला, "श्रीमती द्वारका यांची सुटका झाली असून त्या..."

"काय लिवताय, दादा?" द्वारकाने विचारलं. त्याने वाचून दाखवलं.

"येवढं कशापायी? पोरीला कळाया हवं. 'आई येतीया', येवढंच लिवा."

विक्रांतने तो फॉर्म फाडला, दुसरा घेतला आणि दोनच शब्द लिहिले. खिडकीतल्या कारकुनाने कागद उलटापालटा केला. "बस इतना ही?"

"बस इतना ही."

"और भेजनेवाले का नाम?"

विक्रांतने पेन टेकवलं. द्वारकाने त्याच्या मनगटाला हात लावला.

"द्या हिकडं," ती म्हणाली. "आत एका बाईनं शिकिवलं."

तिने पेन मुठीत घट्ट धरलं, जीभ दातांत दाबली आणि लिहायला सुरुवात केली. जोडाक्षरापाशी ती अडखळली, थांबली, पुन्हा लिहू लागली. मागे रांग वाढत होती. वल्लरी मागच्या माणसांना सांगत होती, "भाईसाब, दो मिनट." द्वारकाने शेवटचा काना दिला, मान तिरकी करून आपलं नाव पाहिलं आणि कागद स्वतःच खिडकीतून आत सरकवला.